सेफ्टी डिपार्टमेंटचा शिलालेख

परकारसाहेब कोणतीही पाटी एकाच भाषेत वाचून पुढे जात नसत. आधी अरबी वाचायचे, मग इंग्रजी, मग दोन्हींवर बोट फिरवत ओळ ओळ ताडून बघायचे. लिफ्टसमोर असोत, दवाखान्यात असोत की हॉटेलच्या दारात, हे ठरलेलं. "बघा हो बाई," ते म्हणायचे, "अरबीत लिहिलंय, लहान मुलांना एकटं सोडू नका. इंग्रजीत मुलं गायब! म्हणजे इंग्रजांची पोरं खुशाल पडू देत?" तोवर लिफ्टचं दार मिटून लिफ्ट निघून गेलेली असायची.

रियाधच्या आग्नेयेला अल सुलै नावाचा भाग आहे. गोदामं, ट्रक, धूळ आणि पुन्हा गोदामं. आमची कंपनी दुसऱ्यांचा माल सांभाळते. मी तिथे प्रशासन बघते, म्हणजे कोणाचा इकामा (राहण्याचा परवाना) कधी संपतो, कोणाची सुट्टी कधी लागते, कोणाला कोणती खोली, हे सगळं. परकारसाहेब सुरक्षा विभागाचे प्रमुख होते. विभागात माणूस एकच, ते स्वतः. तरी सही करताना 'सेफ्टी डिपार्टमेंट' असं लिहायचे आणि बोलताना त्याचा उल्लेख वडीलधाऱ्या माणसासारखा करायचे. "सेफ्टी डिपार्टमेंटला हे आवडलेलं नाही."

माणूस बाणकोटच्या खाडीकाठचा. बुटका, गोल, मेंदी लावलेल्या लालसर केसांचा. पायात बाराही महिने लोखंडी टोपणाचे सेफ्टी बूट. ईदला आमच्याकडे शीरखुर्मा घेऊन आले तेव्हासुद्धा तेच, फक्त पॉलिश केलेले. माझा मुलगा त्यांना "अंकल, आर यू गोइंग टू वर्क?" असं विचारून मोकळा झाला. "बेटा," ते म्हणाले, "सिलिंडर तुझ्या घरात पण आहे." आणि शीरखुर्मा माझ्या हातात देऊन थेट स्वयंपाकघरात गॅसची नळी बघायला गेले. नळी जुनी निघाली. ती बदलेपर्यंत ते रोज मला ऑफिसात विचारत राहिले. मी कामाच्या याद्या करणारी बाई; माझ्या यादीत नळी होती, पण खाली होती. त्यांनी ती वर आणली.

त्यांच्या केबिनमध्ये एसीखाली एक भलामोठा फोटो होता. उंच कडा, कड्यावर कोरलेली चित्रं: एक राजा, त्याच्या पायाखाली एक माणूस आणि समोर गळ्यात दोर बांधलेल्या कैद्यांची रांग. चित्राच्या आजूबाजूला आणि खाली खिळ्यांसारख्या अक्षरांचे खच्चून भरलेले रकाने. हा बेहिस्तूनचा शिलालेख. तरुणपणी परकारसाहेब इराणमध्ये कर्मानशाहजवळ एका कारखान्याच्या बांधकामावर होते. जुम्म्याच्या सुट्टीला बस पकडून ते या कड्याखाली जाऊन बसायचे. का, तर जवळपास बघण्यासारखं तेवढंच होतं आणि फुकट होतं. बघता बघता माणूस वेडा झाला. हमरस्त्याच्या कडेला अडीच हजार वर्षांपूर्वी एका राजाने, दारयवहुने, आपल्या कारकिर्दीची हकिगत कोरून ठेवलेली. आणि ती एकदा नव्हे तर तीनदा, तीन भाषांत. जुनी फारसी, एलामी आणि बाबिली.

"तीन भाषा, मजकूर एक," परकारसाहेब बोट नाचवत सांगायचे. "कोणाला अर्धा नाय, कोणाला पाव नाय. नायतर आपल्याकडे बघा. अरबीत पानभर, इंग्रजीत अर्धं पान आणि हिंदीत काय? 'खतरा'. खलास!"

मी एकदा म्हटलं, "पण साहेब, तो कडा एवढा उंच. खालून वाचणार कोण?"

"कोणीच नाय," ते आनंदाने म्हणाले. "कोरून झाल्यावर खालची वाट पण तासून टाकली म्हणतात, कोणी चढू नये म्हणून. पण राजा हुशार. त्याने नकला काढून मुलखामुलखांत धाडल्या. म्हणजे वर ओरिजिनल, खाली झेरॉक्स. आपल्या ऑफिसात नेमकं उलटं. झेरॉक्स भिंतीवर आणि ओरिजिनल कुठे ते तुम्हाला ठाऊक."

आमचे जनरल मॅनेजर अबू तलाल पहिल्यांदा त्या केबिनमध्ये आले तेव्हा फोटोसमोर थांबले आणि भुवया उंचावून म्हणाले, "हा कोण?" सौदी ऑफिसात इराणी राजा, म्हणून मी जरा धास्तावले. परकारसाहेब उठून उभे राहिले. "हा सेफ्टी डिपार्टमेंटचा संस्थापक." मग त्यांनी राजाच्या मुलखांची यादी सांगितली आणि म्हणाले, "यात अरबांचा मुलूख पण आहे, अबू तलाल. तुमचं नाव लागलंय."

"आम्ही याला कर देत होतो?"

"कर नाय. धूप पाठवत होतात."

अबू तलालनी विचार केला. "मग चालेल," ते म्हणाले आणि बसून गहवा, म्हणजे अरबी कॉफी, मागवला.

त्या शिलालेखात प्रत्येक परिच्छेद 'राजा दारयवहु म्हणतो' असा सुरू होतो. परकारसाहेबांनी तीच पद्धत ईमेलला लावली. 'परकार म्हणतो: तीन नंबरच्या शटरखाली तेल सांडले आहे. परकार म्हणतो: हे मी रविवारीही म्हटले होते.' आधी लोक हसले, पण त्यांचं ईमेल पूर्ण वाचलं जायला लागलं हे खरं. अबू तलालचं उत्तर यायचं: 'अबू तलाल म्हणतो: मंजूर.'

आता मुख्य गोष्ट.

आमच्या सगळ्यात मोठ्या गोदामात एका कंपनीचे रंग आणि थिनर ठेवलेले असतात. भडकणारा माल. तिथल्या लोकांनी आगीच्या वेळी मागच्या फाटकापाशी जमायचं अशी वर्षानुवर्षांची रीत होती. मग फाटकाबाहेर कंटेनरचं आवार वाढलं, तिथे उभं राहणं धोक्याचं झालं आणि जमण्याची जागा बदलून पुढच्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ आली. त्यातच त्या कंपनीने कळवलं की करार पुढे चालू ठेवण्याआधी त्यांचा तपासनीस येऊन आगीची कवायत घेईल. घंटा वाजल्यावर प्रत्येक माणूस नव्या जागी पोचलाच पाहिजे. एक जरी चुकला तरी माल दम्मामच्या दुसऱ्या गोदामात हलणार.

माल हलला की त्या गोदामातली माणसंही हलणार, आणि बहुतेकांसाठी हलणं म्हणजे घरी जाणं. इकाम्याची कामं माझ्याकडे, त्यामुळे कोणाच्या मागे काय आहे ते मला माहीत होतं: कोणाचं घर अर्धं बांधून झालेलं, कोणाच्या बहिणीचं लग्न ठरलेलं. परकारसाहेबांना स्वतःची काळजी नव्हती. त्यांचं फायनल एक्झिट ठरलेलंच होतं, उन्हाळ्यानंतर कायमचे बाणकोट. पण ते म्हणाले, "बाई, माझ्या माणसांना नापास करून मी विमानात बसणार नाय."

आणि त्यांनी आयुष्यभर मनात असलेलं काम काढलं. गोदामाच्या दाराशेजारी भिंतभर पाटी. मधे घंटेचं चित्र, भोवती सगळ्या भाषांतला मजकूर, प्रत्येक भाषेत शब्दाला शब्द पुरा. भाषा भोवती का, तर वर कोणती आणि खाली कोणती यावरून भांडण नको. अरबी तेवढी वर राहिली, त्यावर वाद नव्हता. बाकी इंग्रजी, हिंदी, उर्दू, बंगाली, मल्याळम, नेपाळी अशा गोलाकार. शिवाय सिंहली. गोदामात श्रीलंकेचा माणूस एकच, गुणपाल. लाकडी पट्ट्यांवर माल रचायचा, अबोल, कायम हसरा.

स्टोअरकीपर थॉमस म्हणाला, "परकारभाई, एक आदमी के लिए? उसको हिंदी आता है."

"बोलना आता है. और एक आदमी जलेगा तो आधा जलेगा क्या?"

मला राहवलं नाही. मी विचारलं, "एका गुणपालसाठी सिंहली, मग आपण दोघं असताना मराठी का नाही?"

परकारसाहेबांनी भाषांची यादी पुन्हा वरून खाली बघितली. त्यांचा स्वतःचाच नियम त्यांच्या अंगावर आला होता. "पकडलंत," ते म्हणाले आणि लगेच मराठी लिहायला बसले. मी ते तपासून जरा नीटनेटकं केलं: 'धोक्याची घंटा ऐकू येताच सर्व कर्मचाऱ्यांनी हातातील काम थांबवून उजवीकडील दाराने त्वरित बाहेर पडावे.' त्यांनी वाचलं आणि कागद परत केला. "हे पुण्याचं वाक्य संपेपर्यंत माणूस भाजून निघेल." मग पाटीवर त्यांचंच गेलं: 'घंटा वाजली की काम टाका. उजव्या दाराने भायेर पडा. टाकीजवळ उभे ऱ्हावा. नाव पुकारेपर्यंत हलू नका.'

याच्याखाली, प्रत्येक भाषेत, आणखी एक परिच्छेद होता. बेहिस्तूनच्या राजाने शेवटी लिहून ठेवलंय की जो हा लेख जपेल त्याचं भलं होवो, कुळ वाढो. जो मोडेल त्याचं वाटोळं होवो. परकारसाहेबांना हा भाग सगळ्यात व्यवहारी वाटायचा. त्यांनी लिहिलं: 'जो या दारासमोर माल ठेवणार नाही त्याला सुट्टी वेळेवर मिळो. जो ठेवील तो एका विमानात बसो आणि त्याची बॅग दुसऱ्या विमानात जावो.'

"हा शाप कोणाचा?" थॉमसने विचारलं. "कंपनीचा?"

"सेफ्टी डिपार्टमेंटचा."

मी हे पाटीवर नको म्हणून बरंच सांगितलं. पण पाटी लागली त्या दिवसापासून त्या दारासमोर कोणी साधी रिकामी पेटीसुद्धा ठेवली नाही, हे मला मान्य केलं पाहिजे. त्याआधी मी तिथे 'सक्त मनाई' लिहिलेले तीन कागद लावले होते. तिन्ही पेट्यांमागे झाकले गेले होते.

भाषांतरांवर त्यांची पहारेकऱ्यासारखी नजर. बथा बाजारातल्या टायपिंगच्या दुकानांतून मजकूर करून आणायचे आणि आमच्यातल्याच एखाद्याला वाचायला बसवून हिंदीत सांगायला लावायचे. मल्याळम मजकूर एक ओळ लांब निघाला. थॉमसने आपल्या मनाने 'सिगारेट ओढू नका' घातलं होतं. "अच्छा बात है ना, भाई?" "अच्छा है. लेकिन फिर सबको लगेगा कि सिर्फ केरला वाले पीते हैं." ओळ गेली. बंगालीत दर वाक्याला 'कृपया' होतं, तेही गेलं. सिंहली तपासायला मात्र कोणी नव्हतं. दुकानदाराने शपथेवर सांगितलं की बरोबर आहे. पाटीसमोर नेऊन गुणपालला विचारलं तर त्याने मान डोलावली. "बहुत अच्छा, साब."

पाटी रंगून झाली आणि तिसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियनने नव्या अलार्मची पेटी नेमकी सिंहली मजकुरावर ठोकली. वायर तिथेच निघत होती, त्याचा इलाज नव्हता. निम्मी अक्षरं पेटीखाली गेली. थॉमस म्हणाला, "छोडो ना, भाई."

परकारसाहेब मात्र खूश झाले. मला ओढून केबिनमध्ये नेलं आणि फोटोतल्या रांगेच्या शेवटी उभा असलेला उंच टोकदार टोपीचा कैदी दाखवला. "हा मागाहून आला. राजाने नंतर एक लढाई जिंकली आणि याला रांगेत घुसवला. जागा नव्हती. मग एलामी मजकूर होता त्यातच कोरला, मजकूर फुटला. आता राजाने काय केलं? सोडून दिलं? नाय! अख्खा मजकूर पहिल्यापासून दुसऱ्या जागेवर पुन्हा कोरला. अख्खा!" आणि सिंहली मजकूर डाव्या बाजूला, पहिल्यापासून, नव्याने रंगवला गेला. रंगाऱ्याचं बिल मी मंजूर केलं. त्या माणसापुढे नाही म्हणणं अवघड होतं.

तपासनीस यायच्या आधी आम्ही आपली एक कवायत घ्यायची ठरवली. सकाळी घंटा वाजली. माणसं काम टाकून, उजव्या दाराने, टाकीजवळ. परकारसाहेब दाराशी उभे, घामाने चिंब, चेहरा फुललेला. मी नावं पुकारायला लागले. सगळे 'हाजिर'. गुणपाल नाही.

पुन्हा पुकारलं. नाही.

परकारसाहेब ते जड बूट घालून धावत सुटले. मी मागोमाग. गोदामात नाही, संडासात नाही. मागच्या फाटकापाशी, उन्हात, हेल्मेट नीट घालून, हात बाजूला सरळ ठेवून गुणपाल एकटा उभा होता. आम्हाला बघून हसला. आपण पहिले पोचलो असं त्याला वाटत होतं.

"इधर क्यों?" परकारसाहेबांना धाप लागली होती. "बोर्ड पे क्या लिखा है? तेरी जबान में लिखा है!"

गुणपालचं हसू हळूहळू मावळलं. "बोर्ड बहुत अच्छा है, साब," तो म्हणाला. "पढ़ना नहीं आता."

"हिंदी?"

"कुछ भी नहीं. स्कूल नहीं गया."

परकारसाहेबांनी घाम पुसला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला टाकीपाशी घेऊन आले आणि सगळ्यांसमोर हिंदीत विचारलं, "और किसको पढ़ना नहीं आता? सच बोलो, कोई कुछ नहीं बोलेगा." आधी कोणी हललं नाही. मग एका बांगलादेशी माणसाचा हात अर्धा वर आला. मग दुसरा. मग एक नेपाळी. हे लोक टाकीजवळ आले होते ते पुढच्या माणसाच्या मागे पळत. गुणपालच्या पुढे पळणारं कोणी नव्हतं, एवढाच फरक.

परकारसाहेब केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. जेवायलाही आले नाहीत. इतका अभिमान असलेल्या माणसाला आत जाऊन काय सांगावं हे मला सुचेना. शेवटी चहा घेऊन गेले. ते फोटोसमोर खुर्ची ओढून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी घाबरले. त्यांनी मान वळवली तर हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बाई, एका माणसासाठी दोनदा रंगवलं! आणि तो एक माणूस..." त्यांना बोलवेना. चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "राजाने शेवटी सरळ लिहून ठेवलंय. हे लिहिलं आणि माझ्यासमोर वाचून दाखवलं. वाचून दाखवलं! एवढ्या वर्षांत मी ती ओळ वाचली आणि पुढे गेलो. राजाला तरी कुठे वाचता येत होतं?"

दुसऱ्या दिवसापासून पाळी सुरू होण्याआधी पाटीसमोर वाचन सुरू झालं. रोज वेगळी भाषा, वाचणारा त्यांच्यातलाच. परकारसाहेब बाजूला उभे राहून ऐकायचे, कळो न कळो. मराठीचा दिवस आला तेव्हा मला वाचायला लावलं. 'भायेर पडा' मी मोठ्याने वाचलं आणि ते प्रसन्न झाले. सिंहलीसाठी बथामधल्या दुकानदाराला जुम्म्याच्या दिवशी गाडीने आणलं. त्याने वाचलं आणि गुणपालच्या फोनवर ते रेकॉर्ड करून दिलं. पुढे आठवडाभर गुणपाल माल रचताना ते गाण्यासारखं गुणगुणत होता.

तपासनीस आला. जॉर्डनचा, उंच, चष्मेवाला, न हसणारा. अबू तलाल मुद्दाम हजर. घंटा वाजली. परकारसाहेब माझ्या शेजारी उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, दुआ म्हणत असावेत. मी नावं पुकारली. गुणपाल टाकीला जवळजवळ चिकटून उभा होता. "हाजिर!" त्याचा आवाज मी तोवर इतका मोठा ऐकला नव्हता.

तपासनिसाचं समाधान झालं नाही. त्याने रांगेवर नजर फिरवली आणि बोट नेमकं गुणपालकडे केलं. पाटीवर काय आहे ते याला सांगता येतं का?

थॉमसने विचारलं. गुणपाल एक पाऊल पुढे आला आणि त्याने सिंहलीत सुरुवात केली, न थांबता, श्वास न घेता, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. शेवटचा परिच्छेद आला तसा रांगेतून हशा पिकला. सिंहली कोणालाच कळत नव्हतं, पण आता कोणती ओळ चालू असेल ते सगळ्यांना पाठ होतं.

"हे हसतायत कशाला?" तपासनिसाने अरबीत विचारलं.

अबू तलालनी पाटीचा अरबी भाग दाखवला. त्याने चष्मा वर करून बॅगेचा शाप वाचला. मग तो उजव्या दाराकडे गेला, बाहेरून आणि आतून बघितलं, रिकाम्या जागेवरून चालून बघितलं आणि परत आला. "ही ओळ कोणत्याही नियमात बसत नाही," तो म्हणाला.

"होय," परकारसाहेब म्हणाले.

"माझ्या दोन गोदामांसाठी मला ती हवी आहे."

अबू तलालनी परकारसाहेबांच्या पाठीवर थाप मारली. "यल्ला, सगळ्यांना जेवण माझ्याकडून!" माणसं ओरडत आत गेली. गुणपालला कोणीतरी खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि हेल्मेट पडलं, त्यावरून परकारसाहेब लांबूनच ओरडले.

दुसऱ्या दिवशी मी महिन्याच्या सुट्टीवर भारतात गेले. परत आले तोवर त्यांचं फायनल एक्झिट होऊन ते गेलेही होते. त्यामुळे माझ्यासाठी परकारसाहेब तिथेच राहिलेत, त्या दुपारी, टाकीजवळ. सगळे आत गेल्यावर मी वळून बघितलं तर ते फुटपाथच्या कडेवर बसले होते. बूट काढून बाजूला ठेवलेले, मोजेही. मी त्यांना अनवाणी पहिल्यांदाच बघत होते. गोरे, मऊ, लहान मुलासारखे पाय. ते बोटं हलवत होते आणि बाणकोटला फोन लावला होता. स्पीकरवर त्यांच्या बायकोचा आवाज येत होता.

"सगळे आले गो!" ते सांगत होते. "एक पण ऱ्हायला नाय."

"कोण सगळे? कुठं आले?"

"माझी माणसं!"

"अवो, मग ती जेवली का नाय?"

परकारसाहेबांनी माझ्याकडे बघून, तुम्ही व्हा पुढे, मी येतो, असा हात केला आणि फोन कानाला लावला.